दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

वायर जोडली की गाडीचा कोणता सेन्सर बिघडलाय त्याचा कोड दाखवणारं मशीन २००६ साली मी मुरबाडच्या माझ्या गॅरेजात आणलं. गिऱ्हाइकाला चहा विचारण्याआधी मी हेच सांगायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच धाऊ गाडी घेऊन आला. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिन बंद पडत होतं.

"भगीरथशेठ, लवकर बगा. दुपारी टोकावड्याला पोरीचा साखरपुडा हाय."

बॉनेट उघडलं तर इंजिनावर हळद-कुंकू, अक्षता आणि चिकट नारळपाणी. मला आयतंच गिऱ्हाईक सापडलं.

"अरे धाऊ, पूजा बाहेरून करायची रे! सेन्सरला नारळपाणी पाजलंस, आता तो शुद्धीवर कसा राहील? थांब, कोणाला जास्त झालीय ते मशीन सांगेल."

शेजारच्या चहाच्या टपरीवरचे चार जण हसत बघायला आले. मी ऐटीत वायर जोडून बटण दाबलं. मशीनचा पडदा काळाच. पुन्हा दाबलं, तरी काळाच. वायरचं टोक काढून बघितलं, तर पिनांमध्ये ओलं कुंकू आणि तांदळाचे दाणे. काल गॅरेजातल्या हत्यारांची पूजा करताना पहिला नारळ मी मोठ्या मानाने मशीनवरच फोडला होता.

मी फडक्याने पिना पुसायला लागलो.



धाऊने माझा हात धरला. "शेठ, आदी माजी गाडी पुसा. मशीनचा काय आज साखरपुडा नाय."