मुखवट्याआतली मांजर

लेकीला वेशभूषा स्पर्धेत आवडत्या कार्टूनमधली मांजर व्हायचं होतं, कुत्र्याचा मुखवटा घालून कुत्र्यांच्या टोळीत शिरणारी. आईने आठवडाभर डोळे फोडून मांजरीचा पोशाख शिवला, अगदी शेपटीमिशांसकट, आणि त्यावरून कुत्र्याचा. मंचावर जाऊन मुखवटा तेवढा काढायचा होता. पण लेक ढिम्म उभी राहिली. कुत्रा होऊन आणखी तीन मुलं आली होती, बक्षीस त्यांच्यातल्याच एकाला मिळालं.

"अगं, मी खालून हातवारे करून करून दमले! काढला का नाहीस मुखवटा? मांजर दिसलीच नाही कुणाला!" आई रडकुंडीला आली होती.

मुखवट्याआडून लेक घाबऱ्याघुबऱ्या आवाजात कुजबुजली,



"हळू बोल ना आई! ते तिन्ही कुत्रे अजून इथेच आहेत."