क्लिफचं फ्रेंच

“हे काय आहे, क्लिफ?” स्पीच थेरपिस्ट इमोजेननं किटलीचं चित्र त्याच्यासमोर धरलं.

“सेलावीऽऽ,” क्लिफ म्हणाला.

“आणि हे?”

या वेळी कुत्रा होता. “सेलावीऽऽ.”

दारात उभ्या असलेल्या हिलरीनं हातातलं फडकं टेबलावर आपटलं. पक्षाघातानं नवऱ्याचे सगळे शब्द नेले आणि मागे ठेवलं ते नेमकं हे. ती हॅलिफॅक्सच्या शाळेत जन्मभर फ्रेंच शिकवत आली. आणि हा बस ड्रायव्हर! टोस्ट करपला, बस बंद पडली, टीम हरली की खांदे उडवून म्हणायचा, सेलावीऽऽ. आयुष्य हे असंच, एवढाच त्या फ्रेंच वाक्याचा अर्थ. पण ‘से’, ‘ला’, ‘वी’ या तिन्ही शब्दांचा एक गोळा करायचा आणि शेवटचा ‘वी’ भोंग्यासारखा ताणायचा, खास तिला चिडवायला. ती उच्चार सुधारून द्यायची, हा डोळा मिचकावायचा.

आता डोळा मिचकावणंही गेलं. चहा हवा का, तरी तेच. पाय दुखतोय का, तरी तेच. तिला त्याच्या तोंडून फक्त एकदा स्वतःचं नाव ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी ती महिनोन्‌महिने त्याच्या मागे लागली होती.

“हिलरी म्हण,” ती पुढे झाली. “हि-ल-री. माझ्याकडे बघ.”

क्लिफचे ओठ हलले. “सेला...”

“ते नको! अरे, तुझं ते फ्रेंच फ्रान्समधल्या पोपटालासुद्धा कळायचं नाही!”

“हिलरी, प्लीज,” इमोजेन म्हणाली. “त्यांच्या चुका काढू नका. जे येतंय ते येऊ दे.”

“चाळीस वर्षं येऊ दिलं, बाई. तुला काय, तू तासाभरानं घरी जाशील. मी काहीही विचारलं तरी हा मला सांगणार, आयुष्य हे असंच! माहितेय मला कसं असतं ते!”

इमोजेननं चित्रं गोळा केली आणि पुढच्या मंगळवारी येते म्हणून ती निघाली. हिलरी दार लावून आली आणि त्याच्या समोर बसली. आपण ओरडलो याची तिला लाज वाटत होती, पण राग काही जात नव्हता.

“एक नाव, क्लिफ,” ती म्हणाली. “बाकी काही नको मला.” आणि तिला रडू फुटलं.

क्लिफ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं चांगल्या हातानं खुर्ची घट्ट धरली. कपाळावर घाम आला, वाकडा ओठ थरथरला. येतंय, येतंय, असं वाटून हिलरी श्वास रोखून पुढे वाकली.

“से,” तो म्हणाला. थांबला. “ला.” पुन्हा थांबला. “वी.”

शब्द सुटे, स्वच्छ. शेवट आखूड, कुठेही ताण नाही. चाळीस वर्षं ती सांगत होती तस्सं. आणि आता तो शाबासकीची वाट बघत होता.

“नको,” हिलरीनं त्याचा हात धरला. “असं नको रे. तुझं म्हण. वीऽऽऽ. ताण की जरा, क्लिफ.”

क्लिफनं मान डोलावली, आणि पुन्हा अगदी बरोबर म्हणाला.