शून्य चालत नाही

रकाना क्रमांक चौदा शून्य घ्यायला तयार नव्हता. ‘गेल्या पुरातील जीवितहानी’ असं तिथं लिहिलेलं होतं, आणि बाईंनी शून्य टाकलं की खाली लाल अक्षरं उमटत होती: किमान एक. बाईंनी तीनदा टाकून पाहिलं. चौथ्यांदा कळ जरा जोरात दाबली, तरी तेच.

नगरपालिकेच्या त्या खोलीत तिघं होते. बाई कॉम्प्युटरपुढे, त्यांच्या खुर्चीमागे साहेब, आणि दाराला टेकून अग्निशमन दलाचा प्रमुख, ज्याला सगळं गाव बंबवाला म्हणायचं. आपत्तीच्या तयारीसाठी सरकार अनुदान देणार होतं. त्यात दोन मोटरबोटी येणार होत्या, एक भोंगा, पन्नास लाइफ जॅकेट. पाच वाजता अर्ज बंद होणार होते आणि आता चार वाजून गेले होते.

“आपल्याकडे एकही माणूस बुडाला नाही,” बंबवाला म्हणाला. “मासेमारांची ती गळकी होडी घेऊन दोन दिवस माणसं काढली आम्ही. मग तसंच लिहा की!”

“लिहायला जागा कुठाय?” साहेब वैतागले. “ज्यांच्याकडे माणसं गेली त्यांना बोटी. आपली वाचली, म्हणजे आपल्याला गरजच नाही.”

“मग पुढच्या वेळी बुडू देतो चार-दोन.”

बोलून गेल्यावर बंबवाल्यालाच कसंतरी झालं. ती होडी आणखी एक पूर काढणार नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी मदतीचा नंबर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. “मॅडम, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण सिस्टिमच तशी आहे. आमच्या हातात काही नाही.” गोड बोलणाऱ्याशी धड भांडताही येत नाही. बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

मग साहेबांनी स्टूल ओढून घेतलं आणि बाईंच्या शेजारी बसले. एवढी वर्षं ते कधी असे बसले नव्हते.

“बाई, रागावू नका. तुमचे मिस्टर त्याच दिवसांत गेले ना?”

“हार्टनं गेले ते, साहेब.”

“हो, पण घराला पाण्याचा वेढा होता. डॉक्टर पोचू शकला नाही. पाण्यामुळे उपचार मिळाले नाहीत, एवढंच लिहायचं. यात खोटं काय आहे?” साहेब हे सगळं कीबोर्डकडे बघून बोलत होते. “गावाचं भलं होईल. आणि त्यांना आता काय...” पुढचं त्यांनी गिळलं.

“साहेब, हे काही बरं नाही,” बंबवाला म्हणाला.

“मग दुसरा कोण आहे सांग! आहे कोणी?”

बंबवाला दाराची कडी खालीवर करत राहिला. त्याच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. त्यानं सगळ्यांना वाचवलं होतं, हीच तर पंचाईत होती.

बाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी एक टाकला. लाल अक्षरं गेली आणि खाली नवे रकाने उघडले. नाव, वय, पत्ता. नवऱ्याचं नाव त्यांनी वर्षभरात इतक्या कागदांवर लिहिलं होतं, बँकेच्या, विम्याच्या, वीजमंडळाच्या, की बोटं आपोआप चालली. वय बावन्न. पत्ता लिहिताना मात्र घराचा नंबर चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला.

मग आणखी एक ओळ उघडली. ‘हा मृत्यू टाळता आला असता का?’ पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही.

“होय करा,” साहेब हळूच म्हणाले. “नाही केलं तर गुण मिळत नाहीत.”

बाईंचा हात माउसवर तसाच राहिला. पुराचे दोन दिवस त्या याच खुर्चीवर बसून होत्या, याच फोनवर. कोणाच्या घरी पाणी किती, कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाकडे म्हातारं माणूस, हे ऐकून होडी आधी कुठे जाईल ते त्याच ठरवत होत्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला नवऱ्याचाही फोन आला होता. छातीत जळजळतंय गं, म्हणाले. “अहो, पित्ताची गोळी घ्या, आणि फोन ठेवा आधी, लाइन अडकते,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुकाट्यानं ठेवला. नंतर दुपारभरात होडी त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीतून दोनदा गेली. ती तिकडे बाईंनीच धाडली होती, शेजारच्यांसाठी.

हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मुलीलाही नाही.

“बाई, पाचला दहा मिनिटं कमी आहेत,” साहेब म्हणाले.

“होय,” बाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच आला. मग त्यांनी चौकोनावर टिचकी मारली.

साहेबांना वाटलं, आपल्यालाच म्हणाल्या.