जिंबुनचं नाव

कोंबड्यानं चौथ्या गोळ्यालाही चोच लावली नाही.

चटईवर भाताचे चार गोळे मांडले होते. एकेक गोळा म्हणजे घराण्यातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव. कोंबडा ज्याला आधी टोचेल, ते नाव बाळाचं. पण तो गोळ्यांभोवती एक फेरी मारून सरळ कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.

"पोट भरलंय मेल्याचं," शेजारची मेंगिन म्हणाली. कुणी हसलं नाही.

लेमियाच्या मांडीवरचं बाळ दोन महिन्यांचं होतं. त्याला दोन नावं देऊन झाली होती, आधी मेरिंगाई, मग उनाल. दोन्ही नावांनी ते आजारी पडलं, म्हणून दोन्ही काढून घेतली. आता लांबघरात एकाच छपराखाली राहणारे सगळे त्याला पुन्हा 'अळी'च म्हणत होते, बिननावाच्या पोराला म्हणतात तसं. कापित गावच्या इस्पितळातून आणलेलं औषध चालू होतं. पण कालपासून अळी दूध ओढत नव्हती.

"तुआई, आणखी नावं सांगा ना," लेमिया म्हणाली.

तुआई गानिंग लांबघराचा मुखिया. सतरा पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. "संपली गं पोरी. जे सुखानं गेले त्यांची नावं दुसऱ्या पोरांनी घेतली. पुरात, साथीत गेलेल्यांची तुला कशाला?"

"एक राहिलं की," मेंगिन म्हणाली. "जिंबुन."

ओसरीवरच्या सगळ्यांनी लेमियाच्या आजीकडे पाहिलं.

जिंबुन हा लेमियाच्या आजोबांचा, बेलायोंगचा थोरला भाऊ. आणि तिच्या आजीचा, सेंदीचा, पहिला नवरा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो ब्रुनेईला तेलाच्या कामावर गेला. बेलायोंगनंच त्याला होडीतून बाजारापर्यंत नेलं आणि लाँचमध्ये बसवून दिलं, असं बेलायोंग सांगे. पुढे ना निरोप आला ना माणूस. पाच वर्षांनी बेलायोंगनं सेंदीशी लग्न केलं. घाटावर बायका कुजबुजत, भावाला वाटेला लावलं आणि त्याच्या चटईवर जाऊन झोपला. बेलायोंगच्या कानावर हे येई. तो कधी कुणाशी भांडला नाही.

सेंदीनं मात्र जिंबुनचा दुखवटा कधी पाळू दिला नव्हता. तिला बेलायोंगपासून मुलगा झाला, तेव्हाही हे नाव निघालं होतं. तिनं ते घेऊ दिलं नाही.

आता ती भाताचे गोळे मोडून टोपलीत टाकत होती. डाव्या हाताची दोन बोटं तिला मिटता येत नसत. तरुणपणी, जिंबुन घरात होता तेव्हा, शिडीवरून पडली होती म्हणे.

"जित्या माणसाचं नाव पोराला देतात का?" ती म्हणाली. "दोघांतला एक जातो. जिंबुन यायचाय अजून."

"इनिक, त्यांची पंचाहत्तरी उलटली असेल गं! आता कुठले येतायत?" लेमिया म्हणाली.

"आजी म्हणतेस ना मला? मग ऐक. नाही म्हणजे नाही."

तेवढ्यात बाळाच्या घशातून फाटक्या भात्यासारखा आवाज आला. ओठ निळसर पडले. लेमिया त्याला छातीशी धरून उभीच राहिली.

"अहो, कुणीतरी काहीतरी करा! आकी, तुम्ही तरी बोला!"

तिचा आजोबा बेलायोंग खांबाला टेकून बसला होता.

"द्या जिंबुनचं नाव," तो नातीला म्हणाला. "मेलाय तो."

गानिंगनं मान वळवली. "तुला काय ठाऊक?"

"आहे ठाऊक."

"बेलायोंग, आपण एका वयाचे. सगळे ऐकतायत. नीट बोल."

"मी मारला. वल्हं घातलं डोक्यात आणि वर नदीच्या धारेत ढकलून दिला."

मेंगिननं तोंडावर हात ठेवला. मागून कुणीतरी थुंकलं. आईविना वाढलेल्या लेमियाला या माणसानं खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. ती त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकली.

सेंदी खाली मान घालून टोपलीतला भात चिवडत राहिली.

"पोलिसांचं मागाहून बघू," गानिंग म्हणाला. "आधी पोर. माझ्या बापाच्या वेळी असं एकदा झालं होतं. ज्यानं मारलं त्यानंच, मेलेला असेल तिथं जाऊन ताट ठेवायचं आणि आपल्या तोंडानं नाव मागायचं. दुसऱ्याचा हात लागला तर मेलेला नाव देत नाही. पोर घेऊन जातो."

"चालेल."

"नीट विचार कर. यात खोटं चालत नाही."

बेलायोंगनं बाळाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "भरा ताट."

भात, उकडलेलं अंडं, पानसुपारी, तांदळाच्या दारूची वाटी. लेमियानं ताट भरलं आणि त्याच्या पुढ्यात सरकवलं. त्याच्या हातात दिलं नाही. तो ते उचलून शिडी उतरला. मागोमाग सगळे घाटावर आले. त्यानं एक पाय होडीत टाकला.

"थांब."

सेंदी चिखलातून खाली येत होती, काठी न घेता.

"वर जा, सेंदी," बेलायोंग म्हणाला. "ऐक माझं. झालं ना सगळं! वर जा."

ती होडीपाशी आली आणि तिनं ताटाची कड धरली.

"नदीत कुणी नाही," ती गानिंगला म्हणाली. "तो माझ्या मिरीच्या मळ्यात पुरलाय." मग तिनं बेलायोंगच्या हातातून ताट ओढून घेतलं. "आणि तुझ्या हातून तो नाव द्यायचा नाही."