कोपरा दुमडलेला गुलाम

"एका रात्रीचे अठरा हजार! आणि खाली जुगार खेळायचे पैसे वेगळेच," गोव्यातल्या त्या कॅसिनो-रिसॉर्टच्या गुबगुबीत पलंगावर बसून मी कुरकुरत होतो. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून लेकीने पाठवलं होतं, नाही कसं म्हणणार?

"मग आपण इथंच खेळू," म्हणत बायकोने खोलीत ठेवलेला पत्त्यांचा नवा कॅट फोडला. खेळ आमचा नेहमीचा, गुलामचोर. एकुलता गुलाम शेवटी ज्याच्या हातात उरेल, त्याने सकाळचा चहा करायचा. घरी तो कायम तिच्याच हातात उरतो.

इथं मात्र मी सलग सात डाव हरलो. सगळे पत्ते पाठीमागून सारखेच, कोरे करकरीत! कुठला ओढावा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने तो कॅट पर्समध्ये टाकला.

"अगं, घरी आहे की आपला!"

"आहे ना. त्यातल्या गुलामाचा कोपरा का दुमडलेला असतो, ते काल तुम्ही हरत गेलात तेव्हा कळलं मला," ती हसून म्हणाली. "अठरा हजारांत जन्मभराचा चहा. रिसॉर्ट स्वस्तच पडलं हो!"