पिवळा ठिपका

"दाजी, तुम्ही जरा लांबच बसा. गाडीला टेकलात तर डोळा लागायचा," मिस्त्री पिकअपच्या बॉनेटखालून म्हणाला.

दाजी हसले आणि त्यांनी स्टूल दोन हात मागे सरकवलं. सहा वर्षं ते हा विनोद ऐकत होते. दाजी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिकअप त्यांचीच. कारखान्यातल्या गाद्या दुकानोदुकानी पोचवायचा त्यांचा धंदा. 'गाद्यांच्या गाडीत झोप नाही येणार तर काय येणार,' हा त्याच विनोदाचा दुसरा अवतार. दाजींनी जांभई दिली की घरातली पोरंसुद्धा करकचून ब्रेक दाबल्याची नक्कल करत.

सहा वर्षांपूर्वी लांबचा चढ संपवून उताराच्या पहिल्या वळणावर गाडी वळलीच नव्हती. सरळ कठड्यावर गेली. ताई शेजारी झोपलेली होती; जाग आली तेव्हा डावं मनगट मोडलेलं होतं. त्या हातानं तिला अजून भरली बादली उचलत नाही. "माझा डोळा लागला," दाजी पोलिसांना म्हणाले, घरी म्हणाले, विचारील त्याला म्हणाले. तेव्हापासून किल्ली ताईच्या पर्समध्ये गेली. गाडी पगारी ड्रायव्हर चालवी, तीही गावातल्या गावात. दाजी शेजारी बसत आणि गाद्या उतरवत.

आता तो ड्रायव्हर काम सोडून चालला होता. ताईनं गाडी विकायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. त्याची एकच अट होती : या गाड्यांचे डिझेल पंप कंपनीनं परत मागवले आहेत, तेवढा नवा पंप बसवून द्या. कंपनीची कामं मिस्त्रीच्याच गॅरेजात होत. नवा पंप खोक्यात तयार होता.

"ताई, माझे हात तेलकट आहेत. ते पत्र वाच बरं. काय काय तपासायचं लिहिलंय?"

ताईनं चष्मा लावला. "लांबच्या धावेनंतर पंप तापून डिझेलचा पुरवठा एकाएकी थांबू शकतो. इंजिन पूर्वसूचनेशिवाय बंद पडते. स्टिअरिंग जड होते. गाडी निवल्यावर पुन्हा सुरू होते, त्यामुळे दोष लक्षात येत नाही."

ती थांबली. तेवढंच तिनं परत वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी असं झालं होतं का?"

दाजी आपल्या तळहाताकडे बघत राहिले. "झालं होतं."

"मग झोप?"

"झोप नव्हती."

मिस्त्रीचं डोकं बॉनेटखालून बाहेर आलं. "कमाल आहे दाजी तुमची! मग तेव्हा बोलायला काय झालं होतं? सहा वर्षं आम्ही सगळे तुम्हाला—"

"जाऊ दे रे. जुनं झालं."

"जुनं कसं? मला आत ऑपरेशनला नेलं तेव्हाही हे दोन तास गायब," ताई म्हणाली. "विचारलं तर म्हणे, दवाखान्याच्या मागच्या बाकावर डोळा लागला. तीसुद्धा थापच का?"

मिस्त्री मान हलवत पुन्हा आत वाकला. पंप खोल होता. हात पोचे, पण नजर पोचत नसे. वरचे दोन पाइप काढल्यावर त्यानं बॅटरीचा उजेड आत पाडला आणि तो थबकला.

मिस्त्रीची एक पद्धत होती. स्वतःच्या हातानं आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर तो पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. 'ठिपका दिसला की समजायचं, इथली जबाबदारी माझी,' असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगे. अपघाताच्या आदल्याच दिवशी त्यानं हा पंप उघडून गळका वॉशर बदलला होता. गॅरेज काढून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. ते काम त्याला चांगलं आठवत होतं. त्यात काही चुकलं असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. दाजींची झोप हाताशी असताना ते यायचं कारणही नव्हतं.

पंपाच्या चारही बोल्टांवर ठिपका नव्हता. डोकी खरवडलेली होती, चाकूनं असावीत. ओरखड्यांवर गंज चढला होता. एका बोल्टच्या कडेला पिवळा कण तेवढा शिल्लक होता.

"दाजी," आतूनच तो म्हणाला, "माझे ठिपके कुणी काढले?"

"हिला ऑपरेशनला नेलं त्या सकाळी, दहा वाजता पोलिसांचा माणूस गाडी तपासायला येणार होता," दाजी शांतपणे म्हणाले. "मी नऊला पोचलो."

बाहेर कुणीतरी चाकात हवा भरत होतं. ताईनं पर्समधून किल्ली काढली, पदरानं पुसली आणि दाजींच्या मांडीवर ठेवली. मग गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवायला ती फोन घेऊन दारापाशी गेली.

मिस्त्री हळूहळू सरळ झाला. हातातल्या बॅटरीचा उजेड जमिनीवर पडला होता, तो बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"म्हणजे तुम्हाला सहा वर्षं वाटत होतं, की चूक माझी होती?"

"वाटत होतं."

"आणि तरी दर सहा महिन्यांनी गाडी माझ्याकडेच आणत होता?"

दाजींनी त्याच्याकडे नवलानं पाहिलं.

"मग काय, घरचा मिस्त्री सोडून परक्याकडे न्यायची?"