सिंकची उंची

स्वयंपाकघर नव्यानं बांधताना सिंकची उंची ही तत्त्वाची बाब असते, असं वृंदाच्या नवऱ्यानं मिस्त्रीला गंभीरपणे बजावलं. सिंकमध्ये त्यानं आजवर फक्त हात धुतले होते.

जुनं सिंक सासूबाईंच्या मापानं बसवलेलं. त्या जेमतेम पावणेपाच फूट, वृंदा चांगली उंच. लग्नापासून ती वाकूनच भांडी घासत आली. सासूबाई गेल्या, कंबरदुखी राहिली.

"उंची तीच ठेवा. आईची आठवण आहे," नवरा म्हणाला.

"आठवणीला फोटो आहे की. आधी हा कुकर घासून दाखवा," वृंदा म्हणाली.

त्यानं घासला. सरळ होताना हात कंबरेवर गेला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही पेपर वाचत होतात."

"मिस्त्री, हिच्या मापानं बसवा."

नवं सिंक बसलं. वृंदा ऐटीत भांडी घासायला उभी राहिली, सवयीनं वाकली आणि कपाळ नळावर आपटलं.